बालकर्करोगातून बरी झालेली मुले आणि समाजाचा आधार

लहानपणी कर्करोगातून बरे झालेल्या मुलापुढे सारे आयुष्य उभे असते. त्या आयुष्याची तयारी घरात, शाळेत आणि गावातच करावी लागते. जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना व किशोरवयीनांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठरवले. बरे होणाऱ्यांची संख्या वाढेल, तशी पुढच्या आधाराची गरजही वाढणार आहे.

उपचारांचे काही परिणाम उशिरा दिसतात. डॉक्सोरुबिसिनने हृदय कमकुवत होऊ शकते, सिस्प्लॅटिनने ऐकू कमी येऊ शकते, मेंदूला दिलेल्या रेडिएशनने शिकण्याचा वेग मंदावू शकतो. म्हणून औषधांची नावे, त्यांची एकूण मात्रा आणि रेडिएशनची जागा नोंदवलेले एक पान प्रत्येक मुलाच्या फाइलमध्ये हवे. मुलगी मोठी होऊन गरोदर राहते, तेव्हा तिचे हृदय आधी तपासले पाहिजे, हे डॉक्टरांना त्याच पानावरून कळते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगेकाठच्या घरांतले कागद भिजून गेले; त्यामुळे या पानाची एक प्रत मोबाइलमध्ये आणि एक गावच्या डॉक्टरांकडे असणे गरजेचे आहे.

महाराष्ट्रात बऱ्या झालेल्या मुलांच्या पाठपुराव्याची सुरुवात जुनी आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९९१ मध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या पाठबळावर २००९ पासून बरे झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट काम करतो. स्वतः या आजारातून गेलेला तरुण समोर बसून बोलतो, तेव्हा उपचार नुकते सुरू झालेल्या मुलाच्या आईवडिलांना सर्वांत मोठा धीर मिळतो.

शाळेची जबाबदारी ठोस आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण मिळते. रक्ताचा कर्करोग झालेली मुले गोळ्या चालू असतानाच शाळेत येऊ लागतात. अशा वेळी वर्गात कांजिण्या किंवा गोवर आला, तर शिक्षकांनी त्याच दिवशी पालकांना फोन करावा. केस गेलेल्या मुलाला वर्गात टोपी घालू द्यावी. हा आजार संसर्गजन्य नाही, हे इतर मुलांना सोप्या शब्दांत सांगावे. डबा एकत्र खाण्यात काही धोका नाही.

लग्न जुळवताना आजार लपवला जातो आणि त्याचा भार मुलींवर अधिक पडतो. लपवाछपवीमुळे फेरतपासण्या सुटतात, म्हणून समुपदेशन मुलांइतकेच पालकांचेही व्हायला हवे.

चंदगड किंवा शाहूवाडीहून मुंबईला तपासणीसाठी जायचे, तर मजुरी बुडते. कर्करुग्णाला उपचार आणि ठरावीक तपासणीच्या प्रवासासाठी रेल्वेच्या शयनयान वर्गात पूर्ण सवलत आहे. ती बऱ्याच कुटुंबांपर्यंत पोहोचायची आहे. कोल्हापूर जिल्ह्यात तीन गोष्टी लगेच करता येतील: सीपीआर या शासकीय रुग्णालयात अशा मुलांसाठी ठरलेला तपासणीचा दिवस, शाळांत मुलांची तपासणी करणाऱ्या आरोग्य पथकांकडे त्यांची गोपनीय नोंद आणि बरे झालेल्या तरुणांचा जिल्हा गट. डॉक्टर, शिक्षक आणि समाजसेवक यांनी मिळून ही जबाबदारी उचलावी.