धुळीआडचे महातारे

१८४३ साली दक्षिण आकाशातला ईटा कॅरिनी हा तारा इतका उजळला, की व्याधाखालोखाल त्याचंच तेज होतं. पुढे पंचवीसएक वर्षांत तो नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला. विझला मात्र नव्हता! उद्रेकात त्यानं किमान दहा सूर्यांइतकं द्रव्य बाहेर फेकलं, त्याची धूळ झाली आणि त्याच धुळीनं त्याला झाकून टाकलं. आजही तिथून पन्नास लाख सूर्यांइतकी ऊर्जा बाहेर पडते. धूळ ताऱ्याचा प्रकाश पिऊन तापते आणि ती ऊर्जा अवरक्त किरणांतून परत देते.

आयुष्याच्या अखेरीला आलेले असे महातारे फार थोडे. आपल्या आकाशगंगेत ते मोजणं अवघड, कारण आपण तिच्या तबकडीतच बसलो आहोत. मधे धूळ, आणि अंतरांचा नेमका अंदाज नाही. शेजारच्या दीर्घिकेतले सगळे तारे मात्र आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात. कोण खरोखर तेजस्वी, हे तिथे लगेच कळतं.

असे अवरक्त किरण टिपायला २००३ साली अवकाशात गेलेल्या स्पिट्झर दुर्बिणीचा आरसा अवघा ८५ सेंटिमीटरचा होता. दूरच्या दीर्घिकेतला ताऱ्यांचा अख्खा गुच्छही तिला एकच ठिपका दिसू शकत असे. म्हणून खगोलशास्त्रज्ञ रुबाब खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या छायाचित्रांशेजारी हबल दुर्बिणीची रेखीव छायाचित्रं ठेवली. दृश्य प्रकाशात मंद, अवरक्तात प्रखर, असा एकटा ठिपका त्यांना हवा होता. आधी तपासलेल्या सात दीर्घिकांत ईटा कॅरिनीसारखा एकही तारा सापडला नाही. त्यांनी शोध सोडला नाही, याचं मला फार मोल वाटतं. मग एम ८३ या दीर्घिकेत दोन, आणि एम ५१, एम १०१ व एनजीसी ६९४६ मध्ये एकेक, असे पाच उमेदवार हाती आले. प्रत्येकाभोवती पाच ते दहा सूर्यांइतकं द्रव्य असावं.

अशा उमेदवारांच्या याद्या आधीच तयार असायला हव्यात, म्हणजे एखाद्या ताऱ्याचा स्फोट झाला की तो आधी कसा होता हे पाहता येतं. २००८ मध्ये याच एनजीसी ६९४६ दीर्घिकेत एका ताऱ्याचा स्फोट झाला. मोठ्या दुर्बिणींनी दृश्य प्रकाशात घेतलेल्या जुन्या छायाचित्रांत त्या जागी काहीच नव्हतं. स्पिट्झरच्या जुन्या छायाचित्रात मात्र धुळीत दडलेला तो तारा स्पष्ट नोंदलेला होता.