ध्रुवीय सागरातील मत्स्यसंपत्ती आणि बदलते हवामान

(व्याख्यानाचा मजकूर)

अंटार्क्टिक खंडाभोवतीचा सागर मत्स्यसंपत्तीने समृद्ध असला, तरी तेथील जीवांची वाढ अतिशय मंद असते. दक्षिण जॉर्जिया बेटानजीक १९६९-७० च्या हंगामात नोटोथेनिया जातीचे सुमारे ४ लाख टन मासे पकडण्यात आले. दोनच वर्षांत तो साठा कोसळला आणि दीर्घकाळ सावरू शकला नाही. मर्यादा घालण्यापूर्वी जाळे पडले, हेच त्याचे कारण होय.

हा अनुभव लक्षात घेऊन १९८० मध्ये अंटार्क्टिक सागरी सजीव संपत्तीच्या संरक्षणाचा करार झाला व १९८२ मध्ये तो अंमलात आला. त्याच्या आयोगाचे मुख्यालय ऑस्ट्रेलियातील होबार्ट येथे असून, भारत १९८६ पासून आयोगाचा सदस्य आहे. पकडल्या जाणाऱ्या जीवाबरोबरच, त्यावर जगणाऱ्या प्राण्यांचाही विचार झाला पाहिजे, हे या कराराचे प्रमुख सूत्र आहे.

क्रिल या कोळंबीसारख्या जीवाच्या बाबतीत या सूत्राची कसोटी लागत आहे. जेमतेम ६ सेंटिमीटर लांबीच्या या जीवावर देवमासे, सील आणि पेंग्विन यांचे पोषण होते. क्रिलची पिल्ले हिवाळ्यात सागरी बर्फाच्या तळाशी वाढणाऱ्या शेवाळावर जगतात. म्हणजेच बर्फ घटले की पिल्लांचे अन्न व आसरा दोन्ही घटतात. २०२३ च्या हिवाळ्यातील बर्फाचा विस्तार उपग्रहीय नोंदींच्या काळातील सर्वांत कमी ठरला.

अटलांटिकच्या बाजूच्या क्षेत्रात क्रिलच्या पकडीस वर्षाला ६ लाख २० हजार टनांची मर्यादा आहे. तेथील सुमारे ६ कोटी टन साठ्याच्या मानाने ती अल्प वाटते. परंतु प्रश्न केवळ किती पकडावे हा नसून कोठे व केव्हा पकडावे हाही आहे. पेंग्विनच्या वसाहतींजवळ नौकांची गर्दी झाली, तर एकूण साठा विपुल असूनही पिल्ले उपाशी राहू शकतात. यासाठी २००९ मध्ये ही मर्यादा उपक्षेत्रांत विभागण्यात आली होती. २०२४ मध्ये सदस्यांत एकमत न झाल्याने ती विभागणी संपुष्टात आली. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, हंगाम संपण्यापूर्वीच मर्यादा गाठली गेली व ऑगस्टमध्ये मासेमारी बंद करावी लागली.

उत्तर ध्रुवाकडे मात्र वेगळा मार्ग स्वीकारला गेला. मध्य आर्क्टिक महासागरातील बर्फ वितळू लागताच, व्यापारी मासेमारी सुरू होण्याआधीच, २०१८ मध्ये नऊ राष्ट्रे व युरोपीय संघ यांनी करार केला. २०२१ पासून अंमलात आलेल्या या कराराने प्रारंभी १६ वर्षांसाठी मासेमारी स्थगित ठेवून संयुक्त संशोधनास प्राधान्य दिले आहे.

होबार्टचा आयोग एकमताने निर्णय घेतो. एकाचा नकारही तेथे पुरेसा ठरतो. म्हणूनच भारताच्या मताला तेथे वजन आहे आणि गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्राच्या कार्याला महत्त्व आहे. हवामान बदलत असता एकदा ठरविलेली मर्यादा कायमची पुरत नाही. नव्या माहितीनुसार तिचा वेळोवेळी फेरविचार करणे आणि माहिती अपुरी असेल तेथे हात आखडता घेणे, यातच ध्रुवीय सागराचे आणि त्यावर जगणाऱ्या जीवसृष्टीचे हित आहे.