जुडासचा आवाज, कृष्णाचं गाणं

मागच्या रांगांत कॅमेरे सरसावून बसलेले आई-बाबा, आणि खांद्यावरचं उपरणं दर दोन मिनिटांनी सावरणाऱ्या माझ्या पदवीधर मित्रमैत्रिणींनो,

भाषणाचा विषय कळवा, म्हणून तुमच्या कार्यालयातून फोन आला होता. मी म्हणालो, ‘रॉक.’ पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, ‘वेरूळचा का अजिंठ्याचा?’

त्यांचं काही चुकलं नाही. आपल्या जिल्ह्यात रॉक म्हणजे काळा पाषाण. मी खुलासा केला की गिटार-ड्रम्सवाला रॉक. त्यावर ते जरा थांबून म्हणाले, ‘मग सर, पाहुण्यांचं भाषण नेमकं दीक्षान्ताचंच आहे ना?’ आहे. पण त्यांनी वेरूळचं नाव काढलं ते बरंच झालं. कैलास लेणं वरून खाली कोरलेलं आहे. शिखर आधी, जोतं शेवटी. मला ज्या माणसाबद्दल बोलायचंय, त्याचं काम असंच उलट्या क्रमानं झालं. पायाच नसताना तो वर चढून गायला लागला.

त्या माणसाचं नाव नंदू भेंडे.

तुमच्या चेहऱ्यांवरून कळतंय की हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही. महाराष्ट्र आणि रॉक हे दोन शब्द एकत्र आले की लोकांना फ्रेडी मर्क्युरी आठवतो. झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला फारोख बलसारा नावाचा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथे मित्रांना घेऊन ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, आणि पुढे इंग्लंडात जाऊन ‘क्वीन’चा गायक झाला. सगळं खरं आहे. पण फ्रेडीचा अभिमान बाळगायला आपल्याला काही मोजावं लागत नाही. तो इथून गेला, तिकडे मोठा झाला, आणि आपण साताऱ्याच्या डोंगराकडे बोट दाखवून मोकळे झालो. नंदू भेंडे गेले नाहीत. ते इथेच राहून गायले, आणि म्हणून त्यांचा हिशोब अवघड आहे.

घर नाटकाचं. वडील आत्माराम भेंडे. बबन प्रभूंच्या ‘झोपी गेलेला जागा झाला’ आणि ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ या फार्सांनी महाराष्ट्राला पोट धरून हसवलं, त्यातलं एक नाव हे. आई आशा भेंडे रंगभूमीवरच्या अभिनेत्री, आणि लोकसंख्याशास्त्राच्या प्राध्यापकही. तुमच्यातल्या अर्थशास्त्राच्या किंवा भूगोलाच्या मुलांनी भेंडे आणि कानिटकर या दोघींचं लोकसंख्येवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक ग्रंथालयात चाळलं असेल. त्यातल्या भेंडे म्हणजे नंदूची आई. आता जनगणना एकीकडे आणि फार्स दुसरीकडे अशा घरातला मुलगा इलेक्ट्रिक गिटारच्या नादी लागला, तर त्याला कुणी नावं ठेवायची?

साठचं दशक संपून सत्तरचं सुरू होत होतं. मुंबईत कॉलेजच्या पोरांचे बँड निघत होते. सिमला सिगारेटवाले ‘सिमला बीट’ नावाची स्पर्धा भरवायचे आणि बँड इंग्रजी गाणी वाजवायचे. नंदू ‘वेल्वेट फॉग’, ‘सॅव्हेज एन्काउंटर’ अशा बँडांतून गायले. मग १९७४ साली अलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हा रॉक ऑपेरा मुंबईत उभा केला आणि त्यात नंदूंना जुडास मिळाला. त्या ऑपेराचं नाव जीझसचं असलं, तरी गायकाचा कस लागतो तो जुडासमध्ये. उरी फुटेस्तोवर वरच्या पट्टीत गायचं आणि विश्वासघातक्याची बाजू लोकांना पटवायची. मराठी घरातल्या पोरानं ते पेललं.

इथवरची गोष्ट कुलाब्याकडची आहे. ती तिथेच थांबली असती तर मी आज तुमचा वेळ घेतला नसता. महत्त्वाचं घडलं ते १९७८ साली.

ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचं ‘थ्री पेनी ऑपेरा’ बर्लिनला १९२८ साली आलं होतं, आणि तेही १७२८ सालच्या एका इंग्रजी ‘भिकाऱ्यांच्या ऑपेरा’वरून. पन्नास वर्षांनी पु. ल. देशपांड्यांनी त्याचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं तो रंगमंचावर आणला. दिग्दर्शक जब्बार पटेल. गण-गवळणीच्या मांडवात चोर, भिकारी, पोलीस सगळे आले, आणि त्यांच्याबरोबर लावणी आली, नाट्यपद आलं, पाश्चात्त्य बाजाची गाणीही आली. नंदू भेंडे त्यात गायले, त्यांनी भूमिका केली. जुडास गाणारा गळा तमाशात आला. नाट्यपदांवर वाढलेल्या प्रेक्षकानं तो ऐकला आणि उठून गेला नाही.

आता थोडं धंद्यातलं बोलतो. मी आयुष्यभर नाटकांना संगीत देत आलो, तेव्हा एवढी मुभा द्या. मराठीत रॉक गाणं का अवघड आहे? आवाज मोठा करणं सोपं आहे, गाठ पडते ती क्रियापदाशी. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं आणि क्रियापद दीर्घ स्वरावर. आला, गेली, होते, आहे. ओळीच्या शेवटी आपण आपोआप तान घ्यायला लागतो. रॉकला शेवटी ठोका हवा असतो. चार मात्रांत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला ड्रमवर काठी पडते. तिथे आपलं ‘जातो आहे’ येऊन पसरलं की सगळी हवाच जाते. इंग्रजीची कॉपी करून मराठी शब्द बसवणारी पोरं इथेच तोंडावर आपटतात. मीही आपटलोय, तीनदा.

मग वाट कुठे आहे? आज्ञार्थात. चल. थांब. ऊठ. बघ. फोड. पळ. मराठीतला नुसता धातू, एका अक्षरावर आपटून व्यंजनावर तुटणारा. याहून चांगला रॉकचा शब्द जगातल्या कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही. (शिव्याही तशाच असतात, पण आज पदवीदान आहे.) आणि हे गुपित आपल्या शाहिरांना कधीचंच ठाऊक होतं. पोवाड्यात डफावर थाप पडते ती अशाच शब्दांवर. वामनदादा कर्डकांच्या परंपरेतली भीमगीतं ऐका. माणसाला झोपेतून हलवणारा आज्ञार्थ तिथे जागोजागी आहे.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कळलं. कॉलेज कुठलं ते सांगत नाही. मुंबईच्या मावसभावाची इलेक्ट्रिक गिटार मी आठवडाभर उसनी आणली होती. जोडायला अँप नव्हता, म्हणून ती मांडववाल्याच्या भोंग्याच्या मशीनला जोडली. पहिल्या गाण्याचं पहिलं कडवं संपलं आणि लाईन गेली. विजेविना इलेक्ट्रिक गिटारचा आवाज डासाएवढा येतो. अंधारात हुर्यो सुरू झाली. तेवढ्यात नागसेनवनातून आलेला माझा एक दोस्त ढोलकी घेऊन मंचाच्या कडेला बसला आणि त्यानं तेच गाणं, माझं फसलेलं गाणं, त्याच्या वस्तीतल्या भीमजयंतीच्या चालीवर उचललं. क्रियापदं त्यानं सगळी तोडून टाकली. उरले फक्त हुकूम. लाईन अर्ध्या तासानं आली, तेव्हा कुणाला ती नको होती.

मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांनी १९५० साली इथे सुरू केलं, त्याच्या आसपासच्या हवेत तो मुलगा वाढला होता. त्यानं नंदू भेंडे ऐकला नव्हता आणि नंदू भेंड्यांनी त्याला. तरीही त्या रात्रीनंतर मला ‘तीन पैशाचा तमाशा’ समजला. दोघं एकाच भिंतीला दोन बाजूंनी भगदाड पाडत होते.

प्रभाव पडला म्हणजे काय झालं, हे आपण फार ढोबळ मोजतो. कुणी त्यांच्यासारखं गायलं का? केस वाढवले का? नाही. नंदू भेंड्यांची नक्कल करणारी पिढी निघाली नाही. पण आज आपल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातलं पोरगं एकांकिकेला गिटार घेऊन बसतं, तेव्हा त्याला ‘हे मराठी नाटकात कशाला?’ असं कुणी विचारत नाही. २०२४ साली ‘तांबडी चामडी’ नावाचं मराठी गाणं इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर देशाबाहेर वाजलं, तेव्हाही ते करणाऱ्या पोरांना भाषेबद्दल खुलासा द्यावा लागला नाही. ही न विचारली जाणारी शंका कुणीतरी आधी अंगावर घेतलेली असते. नंदूंच्या पिढीला दोन्हीकडून विचारणा व्हायची. इंग्रजी गाणाऱ्यांच्या लेखी मराठी नाटक म्हणजे गावंढळ काम, आणि मराठीवाल्यांच्या लेखी रॉक म्हणजे सायबाचा तमाशा. एक माणूस दोन्ही ठिकाणी तोच गळा घेऊन गेला.

त्यांना त्याचं काय मिळालं, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. मी तुमच्या वयाचा असतो तर मीही तोच विचारला असता. फार काही मिळालं नाही. दुकानात ज्याचा स्वतंत्र कप्पा असतो असला गायक ते झाले नाहीत. एप्रिल २०१४ मध्ये ते गेले. वडील त्यांच्यामागे काही महिने होते. आत्माराम भेंडे २०१५च्या फेब्रुवारीत गेले. मला कधीकधी वाटतं, नंदूंना ठेक्याची जाण बँडमध्ये मिळण्याआधी घरातच मिळाली असावी. फार्समध्ये दार कुठल्या क्षणी उघडायचं, हे ज्याला कळतं त्याला ड्रमची काठी कधी पडायला हवी हेही कळतं. हा माझा अंदाज. वेगळं वाटणाऱ्यानं नंतर चहाला भेटावं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या नावावर अशी आहे की जी तुम्ही सगळ्यांनी ऐकलीय. १९८२चा ‘डिस्को डान्सर’. त्यात मिथुन चक्रवर्तीवर चित्रित झालेलं कृष्णाला पृथ्वीवर बोलावणारं एक गाणं आहे, बप्पी लाहिरींचं. गायक, नंदू भेंडे. आठ वर्षांपूर्वी ज्यानं जुडास गायला, त्यानं कृष्णाला हाक मारली, आणि ती हाक साऱ्या देशानं ऐकली. मला ते नाव कळलं ते गुलमंडीवर विकत घेतलेल्या कॅसेटच्या कव्हरावर, बारीक अक्षरात.

गेल्या गोकुळाष्टमीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी दहीहंडी बांधली होती. भिंतीएवढे स्पीकर, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. औषध घेऊन जरा पडलो होतो, तो उठून खाली गेलो. पोरं थर लावत होती, आणि स्पीकरवर नेमकं तेच गाणं लागलेलं. डीजेवाला मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा, तुमच्याहून लहान. मी त्याच्या कानाशी जाऊन ओरडलो, ‘कुणाचं गाणं आहे रे हे?’

त्यानं हेडफोन एका कानावरून सरकवला. ‘मिथुनचं, काका!’

आवाज जरा कमी कर, हे सांगायला खाली गेलो होतो. ते राहूनच गेलं.