मुलांचा आवाज : वेळीच तपासणी हवी



सांगलीस आपण नाट्यपंढरी म्हणतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली येथेच ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. मिरजेचे तंबोरे तर देशभर नावाजलेले. सुरांची अशी जाण असलेल्या या भागातही मुलाचा आवाज महिनोन्महिने घोगरा राहिला, तर ‘ओरडून बसला असेल’ असे म्हणून आपण स्वस्थ राहतो. त्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

स्वरयंत्राचे पहिले कार्य बोलणे नव्हे, तर श्वासमार्गाचे रक्षण. घास गिळताना ते मिटते. बोलताना फुफ्फुसांतील हवेने त्यातील दोन स्वरतंतू कंप पावतात. तंबोऱ्याची तार आखूड केली वा ताणली की सूर चढतो, तसेच येथेही घडते. नवजात बालकाचे स्वरतंतू जेमतेम ६ ते ८ मिलिमीटर लांबीचे, म्हणून त्याचा स्वर उंच. वयात येताना मुलग्यांचे स्वरतंतू झपाट्याने वाढतात आणि आवाज फुटतो. तो आजार नव्हे.

मुलांच्या दीर्घकाळच्या घोगरेपणाचे नेहमीचे कारण म्हणजे सततच्या ओरडण्याने स्वरतंतूंवर येणाऱ्या लहान गाठी. त्या कर्करोगाच्या नसतात व त्यांना सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. आरडाओरडीस आवर, पुरेसे पाणी आणि वाचा-उपचार यांनी बहुतेक मुले सुधारतात.

तथापि प्रत्येक घोगरेपणा इतका निरुपद्रवी नसतो. क्वचित विषाणूमुळे स्वरयंत्रात चामखिळीसारखी वाढ होते व ती श्वास अडवू शकते. बाहेरून दोन्हींचा आवाज सारखाच; भेद कळतो तो दुर्बिणीच्या तपासणीनेच. म्हणून आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. श्वासास त्रास होत असेल, तर एक दिवसही थांबू नये. शेंगदाणे खाताना मूल एकाएकी ठसकले, तर खोकला थांबल्यावरही त्यास तत्काळ रुग्णालयात आणावे.

ज्याच्या आवाजास वर्ग हसतो, ते मूल उत्तर ठाऊक असूनही हात वर करीत नाही. पाटण वा जतच्या वाडीवस्तीवरील अशा मुलाची तपासणी खर्चाच्या धास्तीने राहू नये, हेच आपल्या देणगीचे खरे मोल, असे आम्ही मानतो.