घराचे दप्तर



मोगऱ्याच्या दिवसांत मरणानंतरच्या कागदपत्रांविषयी बोलायला उभे राहणे हे थोडे अभद्रच. परंतु ज्या समाजात बारशापासून बाराव्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचा विधी ठरलेला आहे, त्या समाजात घरचा कर्ता गेल्यावर त्याच्या पैशाचा ठाव कसा लावावयाचा, एवढ्याचाच विधी नसावा, हे आम्हांस विपरीत वाटते. म्हणून हा विषय घेतला.

वस्तुतः कागद जपण्यात आपण मराठी माणसे कधीच मागे नव्हतो. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आजही बांधलेले आहेत. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा जमाखर्च तेथे सोडून वाचता येतो. आणि त्याच शहरातल्या एखाद्या घरी गेल्या वर्षीची मुदतठेवीची पावती सापडत नाही! याचे कारण आमच्या मते आळस हे नव्हे. दप्तरातला कारकून लिहीत असे तो दुसऱ्या कारकुनाने वाचावे म्हणून. उद्या आपल्या जागी दुसरा येऊन बसणार, हे त्याला पक्के ठाऊक असे. आपला गृहस्थ लिहितो ते केवळ स्वतःसाठी. पुष्कळदा तर लिहीतही नाही, सारे डोक्यात ठेवतो. त्याच्या फायली अगदी टापटिपीच्या असतात. पण त्यांची किल्ली त्याच्या स्मरणात असते आणि ते स्मरण त्याच्याबरोबर जाते.

पूर्वी या अव्यवस्थेवर एक आपोआप चालणारा उपाय होता. तो म्हणजे पोस्टमन. गृहस्थ गेल्यानंतरही वर्ष-सहा महिने त्याच्या नावाची पाकिटे येत राहत. कोणत्या कंपनीचा लाभांश आला, कोणत्या विमा हप्त्याची नोटीस आली, यावरून त्याच्या पत्नीला निदान सुगावा लागे. आता बँकेचे खातेपत्रक ई-मेलवर येते, समभाग डीमॅट खात्यात असतात, विम्याचा हप्ता खात्यातून परस्पर वळता होतो, आणि हे सगळे एका मोबाइलमध्ये असते. तो उघडतो बोटाच्या ठशाने. बोट गेले की दार बंद. त्यातून एखादा व्यवहारी मुलगा दुसऱ्याच महिन्यात वडिलांचे सिमकार्ड बंद करून टाकतो, आणि ज्या क्रमांकावर सगळ्या सूचना येत होत्या तोच नाहीसा होतो. हा क्रमांक काही काळ चालू ठेवणे शहाणपणाचे. मात्र त्यावर येणारे ओटीपी वापरून मृताच्या खात्यातून पैसे काढण्याचा मोह कोणी धरू नये. बँकेला मृत्यूची खबर देऊन रीतसर मागणी करणे हाच मार्ग.

ही अडचण किती घरांची असावी? ज्या खात्यात दहा वर्षे ग्राहकाने काही व्यवहार केला नाही, त्यातील रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत भरतात. हा निधी २०१४ साली स्थापन झाला. ३१ मार्च २०२४ अखेर त्यात ७८,२१३ कोटी रुपये जमलेले होते. यातले सगळेच मृतांचे नव्हेत, हे खरे. पण विसरलेल्या आणि कोणाला न सांगितलेल्या पैशाचा हा ढीग आहे. हा पैसा बुडत नाही. खातेदार वा वारस पुढे आला तर बँकेला तो द्यावाच लागतो, आणि शोधासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळही उघडले आहे. सात वर्षे न उचललेला लाभांश, आणि त्यामागोमाग ते समभागही, असेच सरकारच्या दुसऱ्या एका निधीत जातात. परत मिळतात, पण फेऱ्या मारून.

यावर पुष्कळांचे उत्तर ठरलेले असते. “आम्ही नॉमिनी लावला आहे!” लावला, हे उत्तमच केले. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर बँकेतल्या ठेवीस चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. तथापि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ साली सांगितले होते, आणि १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात समभागांच्या बाबतीतही तेच सांगितले. मालक ठरतो तो मृत्युपत्राने, आणि ते नसेल तर वारसा कायद्याने. समजा, एका हिंदू गृहस्थाने आपल्या स्वकष्टाच्या ठेवीला पत्नीचे नाव लावले आणि मृत्युपत्र न करता तो वारला. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि वृद्ध आई. बँक पैसे पत्नीच्या हाती देईल. परंतु १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्याचे चार सारखे हिस्से होतील, आणि चौथा हिस्सा आईचा. सासूसुनांचे बरे असेल तर प्रश्नच नाही. नसेल, तर जे भांडण एका कागदाने टळले असते ते कोर्टात जाते.

तो कागद म्हणजे मृत्युपत्र. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. करणाऱ्याची सही आणि ती सही पाहून स्वतःच्या सह्या करणारे दोन साक्षीदार असले की पुरे. साक्षीदारांना आतला मजकूर ठाऊक असण्याचीही गरज नाही. आणि हे मृत्युपत्र पुष्कळ लोक ठेवतात कोठे, तर लॉकरमध्ये. तोही एकट्याच्या नावाचा! म्हणजे लॉकर उघडण्याचा अधिकार कोणाचा हे ज्या कागदावरून कळावयाचे, तो कागद लॉकरच्या आत.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. एक साधी शंभरपानी वही घ्यावी आणि तिच्यात प्रत्येक गोष्टीचा पत्ता लिहावा. रक्कम लिहू नये. यावर आम्ही भर देतो, कारण घरोघर हे काम अडते ते येथेच. आपल्याजवळ किती आहे हे घरात कळू नये असे पुष्कळ पुरुषांना वाटते. या संकोचामागे कधी अधिकाराची हौस असते, कधी भावाबहिणींच्या मागण्यांची धास्ती असते. ठीक आहे. आकडा झाकून ठेवा. पण बँक कोणती, शाखा कोणती, पासबुक कपाटाच्या कोणत्या कप्प्यात, नॉमिनी कोण, विमापत्राचा क्रमांक काय, सोसायटीचा भागदाखला कोठे, गावच्या जमिनीचा गट क्रमांक काय, एवढे लिहायला कसला संकोच? आकडे तर दर महिन्याला बदलतात, पत्ते टिकतात. एटीएमचा गुप्त क्रमांक मात्र या वहीत नको. वारसांना तो लागत नाही, चोराला लागतो.

येण्यापेक्षा देण्याची पाने अधिक काळजीने लिहावीत. सोने गहाण ठेवलेले असते, हातउसने घेतलेले असते. सर्वांत वाईट म्हणजे मित्राच्या पतपेढीच्या कर्जाला कोणी जामीन राहिलेला असतो आणि घरात त्याचा उच्चारही केलेला नसतो. ही जामीनकी माणसाबरोबर संपत नाही, त्याच्या मालमत्तेवर राहते. वसुलीचा माणूस दारात आला म्हणजे विधवा घाबरते, आणि नको त्या कागदावर सही करून बसते. तिला हे ठाऊक असले पाहिजे, की वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते; स्वतःच्या पगारातून वा स्त्रीधनातून ते कर्ज फेडण्याचे तिच्यावर बंधन नाही. एवढे एक वाक्य त्या पानाच्या डोक्यावर लिहून ठेवावे.

पहिल्या पानावर, गेल्यानंतरच्या आठवड्यांत काय करावयाचे ते असावे. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत, दाखल्याच्या सात-आठ प्रती, निवृत्तिवेतन देणाऱ्या कचेरीला खबर, आणि शेतजमीन असल्यास तीन महिन्यांत वारस नोंदीची वर्दी. पुढचे कळत नसेल तर कोणाला विचारावे, त्या एका विश्वासू माणसाचे नावही लिहावे.

दर मार्चअखेर ही वही पत्नीसमोर उघडून वाचावी. तिला समजले नाही असे जे जे निघेल ते अपुरे लिहिले आहे असे समजून पुन्हा लिहावे. आणि वहीचा उत्तरार्ध तिने लिहावा. तिची भिशी, तिचा बचत गट, सराफाकडे सोडलेली पाटली, माहेरच्या जमिनीतला हिस्सा, यांतले किती गृहस्थांना ठाऊक असते? ती आधी गेली तर तोही तितकाच अंधारात.

वेळ झाल्याची खूण अध्यक्षांनी केली आहे. सोसायटीतल्या सदनिकेविषयी ज्यांच्या चिठ्ठ्या आल्या आहेत त्यांनी कार्यक्रमानंतर व्यासपीठामागे भेटावे. येताना भागदाखल्यावर कोणाची नावे आहेत ते आठवून यावे.