हाताला कळतं ते



तोंडवलीत फणस तयार झाला का, हे आपण वाजवून ओळखायचो. म्हणूनच नर्सिंगला बोटावर बोट ठोकून छाती तपासायला शिकवलं तेव्हा मी बुजले नाही. पाणी साचलेलं असेल तिथे आवाज बद्द येतो. छाती ठोकून तपासण्याची रीत ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगरनी १७६१ साली लिहून ठेवली; आपल्या आज्यांना फणसापुरती आधीच ठाऊक!

श्वास मोजणं मात्र अवघड. मोजतायत हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून नाडी धरूनच ठेवायची आणि पूर्ण मिनिट छातीकडे बघायचं. माझ्या विद्यार्थिनी आधी यंत्राकडे बघतात, तेव्हा मी यंत्र झाकते.

नातवंडांसाठी ध्यानात ठेवा: एक ते पाच वर्षांचं मूल खोकतंय आणि शांत असतानाही मिनिटाला ४० किंवा अधिक श्वास घेतंय, तर न्यूमोनियाची शंका घ्या, लगेच डॉक्टरांकडे न्या. मोजायला सेकंदकाट्याचं घड्याळ पुरतं.