आडवे शब्द, उभे शब्द
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



नोंदणीच्या टेबलावर आपल्या प्रत्येकाला शब्दकोड्याचा एक कागद मिळाला आहे. तो कसा तयार झाला, हे सांगायला मला दहा मिनिटे दिली आहेत. कोडे मी एकटीने केलेले नाही. शाळेत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण आणि मी, आम्ही दोघींनी ते केले आहे. भाषणाला तिने साफ नकार दिला, म्हणून मी उभी आहे. ती कोरीटलाच शेती बघते, मी पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करते. गेले दोन महिने रात्री तिच्याकडची जेवणे आटोपली, की आमचा फोन सुरू व्हायचा.

शब्दकोडे ही मूळची वर्तमानपत्राची करमणूक. आर्थर विन या संपादकाने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात पहिले कोडे छापले. ते शंकरपाळ्याच्या आकाराचे होते. इंग्रजीत सगळा कारभार २६ अक्षरांत भागतो. मराठीत मात्र एका घरात काना, मात्रा, वेलांटीसकट आख्खे अक्षर बसवावे लागते. आडव्या शब्दात ‘री’ असेल तर उभ्या शब्दातही ‘री’च हवी. तिथे ‘रि’ चालत नाही, ‘र’ तर नाहीच. म्हणून मराठी कोड्यात शब्द जुळवताना दमछाक होते आणि काळी घरे जास्त पडतात.

शब्द जुळवायला मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. पण संगणक अक्षरे आपल्यासारखी मोजत नाही. तो व्यंजन वेगळे धरतो, काना-मात्रा वेगळी धरतो आणि पाय मोडल्याची खूणही वेगळी धरतो. आपल्याला कोरीट तीन अक्षरांचे, त्याला पाच खुणांचे. मिरची तीन घरांत बसते आणि संगणकाच्या हिशेबी पाच खुणा होतात. तीच ‘मिर्ची’ लिहिली, तर घरे दोनच लागतात आणि खुणा मात्र सहा होतात! त्यामुळे आधी त्याला मराठीचे ‘एक अक्षर’ म्हणजे काय, हे शिकवावे लागले. पहिलीच्या बाईंनी आम्हाला जे शिकवले, तेच मी त्याला शिकवले.

कोड्याचा विषय होता ‘आपला परिसर’. पहिला शब्द अर्थातच कोरीट. त्याला छेद देणारा उभा शब्द मैत्रिणीने फोनवर क्षणात सांगितला : शिरीषकुमार. दोन्ही नावांत दुसरे अक्षर ‘री’, आणि दोन्हीकडे दीर्घ. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात शिरीषकुमार, लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम ही पाच मुले गोळीबारात हुतात्मा झाली, हे आपण शाळेत दरवर्षी ऐकत होतो. त्यातल्या एकाचे नाव आपल्या गावाच्या नावातून आरपार जाते, हे मला चाळिशीत कळले. आणि मराठीच्या सरांनी ह्रस्व-दीर्घासाठी धरलेला आग्रह किती कामाचा होता, तेही कळले. ‘शिरिष’ लिहिणाऱ्याचे कोरीट चुकणार!

पुढे मजा येत गेली. ‘आधार’ आणि ‘आखाजी’ एकाच ‘आ’पासून निघाले. आधार कार्डाची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत झाली, आणि आखाजी म्हणजे माहेरी येऊन झोक्यावर बसायचा आपला सण. अहिराणीतले ‘आंडोर’ आणि ‘आंडेर’, म्हणजे मुलगा आणि मुलगी, हे दोघेही एकाच घरातून निघतात. आडवे कोण आणि उभे कोण, असे मी विचारले. ती म्हणाली, “पोरीला उभी ठेव. आडवी व्हायला तिला वेळ कुठे असतो?”

मग आली ‘शहादा’ची पाळी. प्रोग्रामने त्याच्या शेवटच्या ‘दा’वर ‘तळोदा’ उभा बसवून दिला. दोन तालुके एका ‘दा’वर, यापेक्षा सुबक काय असणार? पण मैत्रिणीला मधल्या ‘हा’वर ‘याहा’ हवा होता. याहा म्हणजे आपल्यातल्या भिली बोलणाऱ्या घरांतली आई. देवमोगऱ्याच्या मोगीमातेच्या नावाआधीही तोच शब्द लागतो. दोन्ही शब्द एकदम घालता येत नव्हते. शेजारशेजारच्या रांगांत ‘या’ आणि ‘ळो’ एकमेकांना चिकटले असते, आणि ‘याळो’ हा शब्द कुठल्याच भाषेत नाही.

मी म्हणाले, “तळोदा सगळ्यांना येतो. याहा निम्म्या वर्गाला येणार नाही.”

ती म्हणाली, “सगळ्यांना येतंच असेल, तर कोडं कशाला? चाचणी परीक्षाच घे की. आणि तळोदा कुठंही बसेल. आईला एवढीच जागा आहे.”

यावर मी दोन दिवस विचार केला. आपल्या वर्गात कोणाच्या घरी अहिराणी होती, कोणाच्या घरी गुजरी, भिली, मावची, पावरी. घंटा झाली, की या सगळ्या भाषा दप्तरात जायच्या. हुशार मुले-मुलीही पहिल्या वर्षी तोंड उघडत नसत, कारण ओठावर येणारा शब्द पुस्तकातला नसायचा. त्यांच्या आईसाठीचा शब्द मी पाच वर्षे त्यांच्याबरोबर शिकूनही कधी ऐकला नव्हता. तो ऐकवायची संधी समोर असताना तालुक्याच्या नावासाठी ती सोडायची का?

शिवाय मैत्रिणीचे म्हणणे कोड्याच्या नियमातही बसत होते. कोड्यात न येणारा शब्दही सुटतो, कारण त्याला छेद देणारा शब्द आपल्याला येत असतो. ‘याहा’ ठाऊक नसणाऱ्याला शहाद्याचा ‘हा’ मिळतो. उरलेल्या एका घरासाठी त्याने शेजारच्या बाकावर विचारावे.

म्हणून ‘याहा’ तिथेच बसला. तळोद्यालाही दुसरीकडे जागा मिळाली. त्यानंतर मी प्रोग्राम फक्त जुळणी तपासायला ठेवला आणि शब्द मैत्रिणीने गोळा केले. त्यासाठी तिने आपल्यातल्या किती जणांना फोन केले, ते तुम्हालाच ठाऊक. ‘पावरी’ची ओळ एका वर्गमित्राने सांगितली : ‘बोलतातही आणि फुंकून वाजवतातही’. भाषाही तीच, वाद्यही तेच.

आता थोड्या सूचना. ११ × ११ घरांचा हा कागद कोणालाही एकट्याने पूर्ण भरता येणार नाही, अशी आम्ही काळजी घेतली आहे. मलाही सात शब्द येत नव्हते. उत्तरे या स्मरणिकेत छापलेली नाहीत, आणि जेवढी मी आत्ता फोडली त्यापलीकडे फोडणार नाही. मोबाईलवर शोधून फारसे हाती लागणार नाही. जेवणाच्या पंगतीत वेगळ्या गावच्या, वेगळ्या बोलीच्या माणसाशेजारी बसा आणि विचारा. गुरुजनांनाही विनंती, की आज आपणही आमच्यातल्या कोणाला तरी एखादा शब्द विचारावा. खोडरबर हवा असेल, तर माझी मैत्रीण तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिच्याकडे आजही असतोच.